नक्षीचे प्रयोजन

मराठी घरात छंदाला बंदी नसते. फक्त त्यातून काहीतरी निघावं लागतं. बाग केली तर कढीपत्ता निघावा, फिरायला गेलं तर साखर उतरावी, पेटी शिकली तर निदान गणपतीत आरतीला साथ व्हावी. वाचनसुद्धा खपतं, वाचत बसलेला माणूस स्वयंपाकघरात लुडबुड करत नाही. ज्यातून यातलं काहीही निघत नाही, त्याला आमच्याकडे ‘रिकामपणचे उद्योग’ म्हणतात. निवृत्तीनंतर मी त्या खात्यात रुजू झालो आहे.

मी नक्षी काढतो. एक छोटा चौकोनी कागद घ्यायचा आणि काळ्या पेनाने त्यावर तेच ते आकार, पुन्हा तेच ते आकार, कागद भरेपर्यंत. त्यातून मोर होत नाही, गणपती होत नाही, देखावाही होत नाही. पूर्ण झाल्यावर कुणालाही ‘हे काय आहे?’ असं विचारता येतं आणि मलाही ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजता मोजता ‘मन कशात तरी रमवा’ असं सांगितलं, तेव्हा हिने त्याचा अर्थ ‘माळा आवरा’ असा घेतला होता. पण तेवढ्यात बेंगळुरूच्या भाचीने एक खोका पाठवला. त्यात साडेतीन इंची जाड पांढरे चौकोन, एक पेन, एक पेन्सिल आणि कागदाची एक घट्ट वळलेली टोकदार सुरळी होती. पेनाची किंमत हिने खोक्यावर वाचली आणि तेवढ्यात बॉलपेनांचा अख्खा डबा आला असता, हे जाहीर केलं. पेनाचं टोक पाव मिलिमीटरचं. म्हणजे पैसे जास्त आणि रेघ बारीक.

“याचं करायचं काय?” तिने विचारलं.

“नक्षी काढायची.”

“आणि मग?”

“मग बघायची.”

“आणि मग?”

“दुसरी काढायची.”

ती काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळी तिने माळ्याची शिडी बाहेर काढून ठेवली.

या प्रकाराला झेंटँगल म्हणतात. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सच्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडीने तो या शतकाच्या पहिल्या दशकात घडवला. मारिया सुलेखनकार. एकदा एका मोठ्या अक्षराच्या मागे बारीक नक्षी भरताना तिला कशाचंच भान उरलं नाही. रिक पूर्वी संन्याशाचं आयुष्य जगलेला. तो म्हणाला, तू सांगतेस त्याला तर ध्यान म्हणतात. आमच्याकडे कुणी असं भान हरपून बसलं तर ‘दूध उतू गेलं’ एवढंच म्हणण्याची पद्धत आहे. रिक मात्र तिथे थांबला नाही. दोघांनी मिळून पद्धत बसवली, नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि शिकवणाऱ्यांना रीतसर प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली.

पद्धत अगदी कार्यालयीन आहे, म्हणून मला मानवली. आधी कागदाबद्दल आणि हातातल्या साहित्याबद्दल मनात कृतज्ञता आणायची. मग पेन्सिलीने चार कोपऱ्यांत चार ठिपके. ते जोडून फिकट चौकट. चौकटीच्या आत पेन्सिलीचीच एक स्वैर रेघ फिरवायची, म्हणजे कागदाचे आपोआप कप्पे पडतात. मग पेनाने एकेका कप्प्यात एकेक नक्षी. शेवटी पेन्सिलीने छटा देऊन ती सुरळीने पसरवायची. कागदाला वर-खाली नसतं. हात अवघडला की कागद फिरवायचा. आणि नक्षी कितीही गुंतागुंतीची दिसली तरी सगळी ठिपका, सरळ रेघ, साधा बाक, एसचा दुहेरी बाक आणि गोल एवढ्यांतूनच होते. ज्याला चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं जायचं, त्यालाही एवढं येतं. मला येतंच.

खोक्यात खोडरबर नव्हतं. “भाची विसरली वाटतं,” ही म्हणाली. विसरली नव्हती. या कलेत खोडायचं नसतंच. रेघ वाकडी गेली तर ती चूक नाही, तिथून नवी नक्षी सुरू होते असं मानतात. मी सगळं आयुष्य लेखापरीक्षणात काढलं. तिथेही खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी आद्याक्षरी करायची. इथेही नक्षी पूर्ण झाली की कोपऱ्यात आद्याक्षरी करण्याचा नियम आहे. अमेरिकेत कुणीतरी आपल्या खात्यातूनच निवृत्त होऊन गेलं असावं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

मात्र ‘चूक नसतेच’ हे तत्त्व मी घरात मोठ्याने वाचून दाखवायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी आमटीत मीठ दुप्पट होतं. मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला, तशी ही शांतपणे म्हणाली, “चूक नाही ती. नव्या नक्षीची सुरुवात आहे.” त्या दिवशी आमटीचा रस्सा झाला, संध्याकाळी त्यात वरणफळं पडली, आणि मानावं लागेल, तत्त्व खरं आहे.

बातमी नातेवाइकांत पसरली आणि प्रत्येकजण नक्षीचा उपयोग शोधायला लागला. मेहुण्याने थेट धंद्याचं बोलायला सुरुवात केली: “भाऊजी, मगवर छापा, उशीच्या अभ्र्यावर छापा. एका मगमागे…” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोबाइलवर फोटो काढून नेले, नातीच्या मेंदीसाठी. समोरच्या वहिनींना ब्लाउजच्या पाठीवर भरतकामाला नमुना हवा होता. नातीने “आजोबा, यात रंग भरू?” असं विचारलं आणि मी होकार देईपर्यंत भरलेही. चुलतकाकांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. “यात नवीन काय? हे सगळं आपल्याकडे होतंच.”

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमची आजी रोज पहाटे अंगणात अकरा ते सहा ठिपके घालायची आणि कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय ते जोडायची. पण तिच्या रांगोळीला काम होतं. दारी लक्ष्मी यायची होती, शेजारणीपेक्षा आपली सरस दिसायची होती, आणि ठिपका चुकला तर बोटाने पुसून दुसरा घालता येत होता. मला लक्ष्मीला बोलवायचं नाही. निवृत्तिवेतन थेट बँकेत जमा होतं.

तरी ‘उपयोग काय?’ हा प्रश्न मनातून जाईना. मग मी जुन्या सवयीने पूर्वोदाहरणं गोळा करायला बसलो. मोठी माणसंही अशी रेघोट्या मारत बसायची हे सिद्ध झालं की घरात आपली बाजू भक्कम होईल, असा हिशेब होता.

पहिलं उदाहरण थेट रवींद्रनाथांचं. ते हस्तलिखितात खोडलेले शब्द नुसते खोडून सोडत नसत. एका खोडीला दुसरी जोडून नक्षी करत. 1924 मध्ये अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या पाहुणचारात असताना ‘पूरबी’च्या वहीत अशा खाडाखोडीतून पक्षी आणि विचित्र प्राणी डोकं वर काढायला लागले. ओकाम्पोबाई त्यावर भाळल्या. तेव्हा रवींद्रनाथ साठी ओलांडलेले, म्हणजे माझ्याच वयाचे. हे मी हिला जरा जोर देऊनच सांगितलं.

“मग पुढे काय झालं?” हिने विचारलं.

“ते चित्रं काढायला लागले. 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरलं.”

“बघा. काहीतरी निघालं ना त्यातून!”

दुसरं उदाहरण गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांचं. 1963 मध्ये एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसल्या बसल्या त्यांनी कागदावर चौकटी आखल्या, मधोमध एक लिहिला आणि त्याच्याभोवती पुढचे आकडे गोल गोल लिहीत गेले. मग गंमत म्हणून मूळ संख्यांना खुणा केल्या, तर त्या तिरप्या रांगांत बसलेल्या दिसल्या. पुढच्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर ती नक्षी झळकली. हिने पुन्हा “बघा!” म्हटलं आणि माझा कालचा कागद उचलून त्यात काही सापडतंय का, ते चष्मा लावून पाहिलं.

शेवटी माझ्या मदतीला बिल गेट्स आला. 2005 च्या जानेवारीत दावोसला एका पत्रकार परिषदेनंतर टेबलावर गिचमिड आकृत्यांचा एक कागद सापडला. तो पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा असं समजून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तो हस्ताक्षरतज्ज्ञांना दाखवला. तज्ज्ञांनी त्या चौकोन-त्रिकोणांवरून माणूस तणावाखाली आहे, परिस्थितीवर त्याचा ताबा नाही, असे निष्कर्ष काढले. मग कळलं की कागद ब्लेअर यांचा नव्हता, शेजारी बसलेल्या बिल गेट्सचा होता. आता त्याचा ताबा नाही असं कोण म्हणणार? रेघोट्यांतून निघालं ते तज्ज्ञांचं हसं, दुसरं काही नाही. हे उदाहरण हिलाही पटलं. “पण त्याच्याकडे पैसे आहेत,” एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून मी वाद सोडला आणि नक्षी घराबाहेर नेली. आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ही त्यासाठी आदर्श जागा आहे. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच ठिकाणी पुन्हा भरते. मागील सभेचं इतिवृत्त कायम करताना मागच्या सभेतली भांडणंही कायम होतात. लिफ्टची देखभाल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाहुण्यांच्या गाड्या, सिंकिंग फंड. एवढ्या वेळात दोन चौकोन सहज भरतात. माझी मान खाली आणि पेन चालू असल्यामुळे मी मुद्दे टिपून घेतोय असं खजिनदारांना वाटायचं आणि ते माझ्या दिशेने जरा सावकाश बोलायचे.

हिशेबाच्या विषयाला मी नेहमी ‘पॅराडॉक्स’ नावाची नक्षी घेतो. त्रिकोणात एकेक सरळ रेघ जराशी कलती करत न्यायची. एकही रेघ वाकडी नसते, पण पूर्ण झाल्यावर सगळं गरगरताना दिसतं. सोसायटीचा ताळेबंदही तसाच असतो.

गेल्या सभेत गच्चीवरून वादळ उठलं. पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर गळती. कंत्राटदाराची हमी किती वर्षांची, यावर सेक्रेटरी म्हणाले, हमीचा विषयच कधी निघाला नव्हता. इतिवृत्तात त्याची नोंद नव्हती. मी पिशवीतून मागच्या वर्षीचा चौकोन काढला. मी बोलायला उभा राहिलो याचं कारण फक्त एवढंच की तो कागद माझ्याजवळ होता.

“डावीकडच्या कोपऱ्यात ही जाळी बघा,” मी म्हणालो. “ही विणत होतो तेव्हा आपण पाच वर्षं म्हणालात. इथे या वेटोळ्यांशी तळमजल्याच्या साहेबांनी ‘लेखी घ्या’ म्हटलं. आणि या चंद्रकोरींपाशी आपण ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारलंत.”

सभेत शांतता पसरली. तळमजल्याचे साहेब म्हणाले, “अगदी हेच म्हणालो होतो.” कंत्राटदाराचं जुनं पत्र फाइलीत शोधलं, त्यात पाच वर्षंच लिहिली होती.

याला शास्त्रीय आधारही आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांचा एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. कुणाच्या तरी वाढदिवसाला कोण येणार, कोण नाही, घरची मांजर आजारी आहे वगैरे. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलीने भरायला सांगितले. नंतर अचानक परीक्षा घेतली, तर आकार भरणाऱ्यांना 29 टक्के जास्त आठवलं. कंटाळलेलं मन भटकायला निघतं. हाताला थोडंसं काम दिलं की ते फार लांब जात नाही, असा त्यांचा तर्क. रटाळपणाच्या बाबतीत आमची सभा त्या फोनला सहज मागे टाकेल, तेव्हा इथे टक्के वाढले असतील तर नवल नाही.

पण शास्त्राने माझा घात केला. सभेने त्याच बैठकीत एकमताने ठराव केला की यापुढे इतिवृत्त मीच लिहावं. सूचक तळमजल्याचे साहेब, अनुमोदक सेक्रेटरी. घरी येताच मेहुण्याला, भाचीला आणि चुलतकाकांना फोन गेले. “अहो, निघाला बरं का उपयोग!” ही प्रत्येकाला सांगत होती. इतक्या आनंदाने तिने माझ्या बढतीची बातमीही कधी दिली नव्हती.

इतिवृत्त लिहिताना नक्षी काढता येत नाही आणि नक्षी काढल्याशिवाय मला ऐकू येत नाही. त्यावर मी तोडगा काढला. सोसायटीच्या वहीला डावीकडे रुंद समास असतो. तिथे ठराव क्रमांक चारशेजारी जाळी, सिंकिंग फंडाशेजारी पॅराडॉक्स आणि ऐनवेळच्या विषयांशेजारी लांबलचक वेटोळी अशी सोय केली. वही दिसायलाही बरी झाली. सभासद ती वाचायला मागून नेऊ लागले, हा सोसायटीच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग.

यंदा लेखापरीक्षक आले. तरुण मुलगा, काम चोख. त्याने पानं उलटली, क्षणभर थांबला, कागद आडवा करून पाहिला, उलटा करून पाहिला. अहवालात आक्षेप आला: ‘इतिवृत्त पुस्तकाच्या समासात नक्षी काढल्याचे दिसून येते. तिचे प्रयोजन स्पष्ट करावे.’

असे आक्षेप मी नोकरीत शेकड्यांनी काढले. उत्तर देण्याची पाळी कधी आली नव्हती. समितीने पाच-सहा उत्तरं सुचवली. स्मरणशक्तीसाठी, असं लिहा. सुशोभीकरण लिहा. प्लिमथचा दाखला जोडा. रवींद्रनाथांचा जोडा. हिने तर सोसायटीच्या दिनदर्शिकेसाठी नमुने, असं लिहायला सांगितलं. मी दोष दुरुस्ती अहवालाचा नमुना समोर ओढला आणि त्या आक्षेपासमोर लिहिलं: ‘प्रयोजन नाही. दुरुस्तीची आवश्यकता वाटत नाही.’ आणि कोपऱ्यात आद्याक्षरी केली.