माझ्या नावाचा स्पीडब्रेकर

पुणेकराला वाहतूक पोलीस हवा असतो, पण पुढच्या चौकात. आपल्या चौकात उभा असला की तो ‘पावत्या फाडायला टपलेला’ असतो, आणि नसला की ‘हे लोक नेमके गरजेच्या वेळी असतात कुठे?’ असा प्रश्न पडतो. ही दोन्ही मतं मी एकाच दिवशी, एकाच स्कूटरवरून आणि सारख्याच तळमळीनं मांडू शकतो. सकाळी नळ स्टॉपला तुंबलो की मला सिंगापूर आठवतं. संध्याकाळी कोपऱ्यावरून दूध आणताना मी उलट्या बाजूनं येतो, कारण तेवढ्याशा अंतराला ‘रॉंग साइड’ म्हणणं मला अतिरेकी वाटतं.

आमची गल्ली कोथरूडमधली. कर्वे रस्त्याला लागून, पण कर्वे रस्त्याशी संबंध नसल्यासारखी वागणारी. नळ स्टॉपला दुमजली पूल आला, मार्च २०२२ मध्ये डोक्यावरून मेट्रो धावायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता गर्दी वर जाईल. ती वर गेली नाही, आमच्या गल्लीत आली. मोबाइलच्या नकाशातल्या बाईंना आमचा शोध लागला होता. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असं त्या कुठंतरी हिंजवडीच्या पोराला सांगायच्या आणि तो पोरगा आमच्या गेटसमोर रांगोळी काढणाऱ्या काकूंच्या पदराला वारा घालून जायचा. त्यात गल्लीच्या तोंडाशी अमृततुल्य, मधोमध दहावीचे क्लास आणि शेवटी बंगला पाडून चाललेलं बांधकाम. सकाळी क्लास, दुपारी डंपर, संध्याकाळी चहावाल्याची गिऱ्हाइकं.

शेवटी आमची आणि समोरची अशा दोन सोसायट्यांची संयुक्त बैठक झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यासाठी ज्या गाड्या बाहेर काढल्या होत्या त्या रस्त्यावर दुहेरी लावल्यामुळे बैठकीला येणाऱ्यांनाच वाट नव्हती.

पहिला विषय पार्किंगचा. एका तारखेला या बाजूला, दुसऱ्या तारखेला त्या बाजूला, म्हणजे पी-१, पी-२ करून घ्यावं, अशी सूचना आली. ती मान्य होणार एवढ्यात समोरच्या सोसायटीतले निवृत्त बँक मॅनेजर उठले. त्यांनी खिशातून कागद काढला. ‘वर्षात विषम तारखा १८६ आणि सम तारखा १७९. एकतीस तारखेनंतर पुन्हा एक तारीख येते, म्हणजे दोन दिवस लागोपाठ विषम. असं सात वेळा. हे सात दिवस तुम्हाला फुकट का द्यायचे?’ हिशेब चोख होता. लीप वर्षात हाच फरक आठ होतो, हेही त्यांनी सांगितलं. आमच्या बाजूच्या एका काकूंनी विचारलं, की दारात परक्या गाड्या उभ्या राहणं हा फायदा धरायचा की तोटा? यावर दोन्ही सोसायट्यांत अंतर्गत फूट पडली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसरा विषय एकेरी वाहतुकीचा. गल्ली एकेरी व्हायलाच हवी, यावर टाळ्या पडल्या. कुठल्या दिशेनं, यावर बसायला आलेली माणसं उभी राहिली.

मग वेगाचा विषय निघाला. इथे मला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांची ओळख करून दिली पाहिजे. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोधाच्या मोर्चात अण्णा पहिल्या फळीत होते. ‘पुण्याच्या रस्त्यावर ताशी वीसच्या वर गाडी जाते का? मग हेल्मेट कशाला?’ हा त्यांचा त्या वेळचा सवाल पेपरवाल्यांनीही टिपून घेतला होता. तेच अण्णा आता म्हणाले, ‘आपल्या गल्लीत पोरं ऐंशीनं गाड्या मारतात. ऐंशीनं!’ दोन्ही वेळा त्यांचा आवाज सारखाच खणखणीत होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

स्पीडब्रेकर हवा, हा ठराव एकमतानं मंजूर झाला, फक्त जागा सोडून. एकाच्या दारात सून गरोदर होती. एकाचा मणका सरकलेला होता. एकाची नवी गाडी खालून घासली असती. बँक मॅनेजरांच्या गेटपाशी पावसाचं पाणी तुंबलं असतं, त्याचा उतार त्यांनी चहाच्या बशीत पाणी ओतून दाखवला. ‘जागा खातं ठरवेल, आपण नुसता अर्ज करू,’ असं चेअरमन म्हणाले आणि सगळ्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. ‘तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना?’

या एका वाक्यानं माणसाचं किती नुकसान होऊ शकतं, याचा मला अंदाज नव्हता. मी रात्री जागून अर्ज लिहिला. साधा ‘गतिरोधक बसवावा ही विनंती’ एवढा मजकूर पुरला असता. मी ‘चिमुकल्या पावलांची वाट’ पासून सुरुवात करून ‘मृत्यूचा सापळा’ पर्यंत पोचलो. मध्ये एक ‘अन्यथा तीव्र आंदोलन’ही होतं, ते बायकोनं खोडलं. ‘तुम्हाला जिना चढताना दम लागतो,’ ती म्हणाली. खाली दोन्ही सोसायट्यांच्या सह्या. सगळ्यात वर ‘अर्जदार’ म्हणून माझं नाव, पत्ता, मोबाइल आणि पुढे ‘व इतर’. सरकारी कागदावर ‘व इतर’ या माणसाला कुणी कधी फोन करत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते, त्यामुळे अर्ज कोणाच्या हातून पुढे सरकवायचा हा प्रश्न होता. नगरसेवक नव्हते, पण माजी होते, भावी होते आणि इच्छुक तर प्रत्येक टपरीवर होते. तिघांनी माझ्याकडून अर्ज ‘स्वीकारतानाचे’ फोटो काढून घेतले. तिन्ही फ्लेक्सवर मी डोळे मिटलेला आहे.

महिन्याभरानं संयुक्त पाहणी ठरली. वाहतूक शाखेची ‘ना हरकत’ मिळाली की रस्तेवाल्यांनी काम करायचं, अशी या कामाची रीत. त्यामुळे एक वाहतूक पोलीस अधिकारी आणि एक तरुण इंजिनिअर असे दोघं आले. साहेबांनी अर्ज वाचला.

‘मृत्यू किती झालेत?’

‘अजून तरी एकही नाही.’

‘अपघात?’

मी इकडेतिकडे पाहिलं. काकू मदतीला आल्या. ‘माझी साबुदाण्याची पिशवी सांडली होती.’

साहेबांनी ‘मृत्यूचा सापळा’ या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि कागद घडी करून ठेवला. मग इंजिनिअरनं समजावून सांगितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो. त्याची गोलाई अशी असते की साधारण पंचवीसच्या वेगानं आलेली गाडी धक्का न बसता पार होते आणि त्याहून जोरात येणाऱ्यालाच तो जाणवतो.

‘धक्का बसत नाही?’ अण्णांचा चेहरा पडला. ‘मग उपयोग काय? दणका बसला पाहिजे. मस्तकात गेला पाहिजे.’

‘अहो, तुमच्याच मस्तकात जाईल,’ इंजिनिअर म्हणाला.

एवढ्यात कोपऱ्यावरून उलट्या दिशेनं एक स्कूटर आली. वर तिघं, मधल्याच्या मांडीवर दप्तर. साहेबांनी हात केला. चालवणारा चेअरमनसाहेबांचा नातू निघाला. आणि इतका वेळ शिस्तीसाठी आसुसलेली ती गर्दी एकदम वितळली. ‘क्लासला चाललाय बिचारा.’ ‘आमच्या गल्लीतलाच आहे हो.’ ‘उद्या चाचणी आहे त्याची.’ लायसन्सचा विषय निघताच काकूंनी साहेबांना पाणी विचारलं. ‘आता कोवळ्या पोराकडून पावती घेणार का?’ असं त्यांना सर्वात कळवळून कोणी विचारलं असेल, तर ते मी. आवाज माझाच होता, मी तो ओळखला.

साहेब शांतपणे म्हणाले, ‘मग अर्जात तसं लिहायचं होतं. ब्रेकर बाहेरच्यांसाठी हवा आहे म्हणून.’ त्यांनी पोरांना उतरवलं, दंडाचे आकडे ऐकवले आणि नातवाला स्कूटर ढकलत घरी न्यायला लावली. डिसेंबर २०२१ पासून नो एंट्रीसारख्या साध्या चुकीलाही पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलं तर १५०० आहेत, हे ऐकून चेअरमन त्या दिवसापुरते शिस्तीचे कट्टर विरोधक झाले.

‘बरं, अर्जदार कोण?’ साहेबांनी विचारलं.

दोन सोसायट्यांची सगळी बोटं एका दिशेला वळली. एवढं एकमत आमच्यात त्याआधी आणि त्यानंतर झालेलं नाही.

‘तुमचं गेट कुठलं?’

मी दाखवलं. इंजिनिअरनं तिथेच चुन्याची रेघ ओढली. मला गुडघ्यापासून सासूबाईंच्या झोपेपर्यंत बरंच काही सांगायचं होतं, पण ज्यानं सापळा आपल्या दारात असल्याचं लिहून दिलंय, त्यानं कुठल्या तोंडानं बोलायचं?

काम एका रात्री झालं. ठेकेदाराचा डंपर दुसरीकडचं डांबरीकरण उरकून आला, उरलेला माल ओतला, दोन फेऱ्या रोलर फिरवला आणि गेला. सकाळी पाहतो तर गेटसमोर एक वरवंटा आडवा पडलेला. मला इंजिनिअरचे आकडे पाठ होते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी बायकोची शिवणाची टेप आणि पडद्याचा रॉड घेऊन खाली उतरलो. रॉड ब्रेकरच्या माथ्यावर आडवा धरायचा, तो डगडगला की श्वास रोखायचा आणि टोकापासून खाली टेप सोडायची. उंची अठरा सेंटिमीटर भरली. रुंदी मोजायला टेपची एक लांबीसुद्धा पुरी लागली नाही. पेपरवाला सायकल थांबवून बघत होता. ‘काका, जागा घेताय का?’

पट्टे मारायला कुणी आलं नाही. काळ्या रस्त्यावर काळा ब्रेकर, रात्री दिसायचा नाही. जे शॉर्टकट मारायचे त्यांना दोन दिवसांत त्याची सवय झाली आणि ते कडेच्या गटारावरच्या झाकणावरून निघायला लागले. आपटायची ती आमचीच माणसं.

माझ्या झोपेचं मात्र वेळापत्रक तयार झालं. पहाटे दुधाचा टेम्पो यायचा, तेव्हा क्रेट आधी उडायचे आणि मग पिशव्या परत बसल्याचा ओला आवाज यायचा. शाळेच्या व्हॅनमधून मुलांचा सामुदायिक ‘हुर्रे’. दुपारी सिलिंडरचा टेम्पो, त्याबद्दल मी लिहू शकत नाही, तो ऐकायलाच हवा. रात्री बुलेटवाले ब्रेकरच्या अलीकडे थांबायचे आणि पलीकडे जाण्यासाठी पुन्हा पूर्ण ताकदीनं पीळ मारायचे. म्हणजे पूर्वी जो आवाज गल्लीभर वाटला जायचा, तो आता एकट्या माझ्या खिडकीत जमा व्हायला लागला. बायको उशी घेऊन मागच्या खोलीत गेली. जाताना फक्त ‘चिमुकली पावलं’ एवढंच म्हणाली.

त्याहून वाईट म्हणजे ब्रेकरला माझं नाव पडलं. पुढच्या गल्लीत कुणाची कंबर धरली, की तो माझ्याकडे बघायचा. कुरिअरवाला फोनवर दुसऱ्याला पत्ता सांगायचा, ‘लेखककाकांचा ब्रेकर आहे ना, तिथून तिसरी बिल्डिंग.’ मणका सरकलेले गृहस्थ तर मला पाहिलं की आधी कमरेवर हात ठेवायचे आणि मग नमस्कार करायचे. माझ्या दिवाळी अंकातल्या लेखांना असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता.

ब्रेकर काढून घ्यावा म्हणून मी पुन्हा सह्या गोळा करायला निघालो. एकही मिळाली नाही. ‘एवढ्या मेहनतीनं बसवलाय,’ चेअरमन म्हणाले. अण्णा तर खूशच होते, त्यांची खोली मागच्या बाजूला. मग एकट्याच्या सहीनं गेलो. टेप लावून मोजलेले आकडे, सोबत रॉड धरलेला फोटो. साहेबांनी आधी फायलीतून माझा जुना अर्ज काढला. पेन्सिलची रेघ तशीच होती.

‘सापळा संपला का?’ त्यांनी विचारलं.

शेवटी कुणाच्याही अर्जाशिवाय काम झालं. पाण्याची नवी लाइन टाकायला जेसीबी आला, त्यानं गल्ली आडवी खोदली आणि माझा वरवंटा उचलून राडारोड्यात टाकला. पाइप गेला, चर मुरुमानं भरला, वर थोडं डांबर शिंपडलं. पहिल्या दोन पावसांत ती पट्टी हातभर खचली. आता हिंजवडीची पोरं तिथे पहिल्या गिअरवर येतात, पाय टेकतात आणि अंदाज घेत एकेक चाक खाली सोडतात. साबुदाणा नेणाऱ्या काकू निर्धास्त रस्ता ओलांडतात.

परवा स्टेशनहून रिक्षा केली. गेटपाशी रिक्षा खड्ड्यात गेली, डोकं टपाला आपटलं, आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘काका, तुमचा ब्रेकर या वेळी उलटा बसवला वाटतं.’