तोफखान्यातले अण्णा

नगरच्या तोफखान्यात कुणाच्याही माळ्यावरून काही जुनं खाली उतरलं, की ते पुसून व्हायच्या आत अण्णा ओट्यावर हजर. पेन्शन पाटबंधारे खात्याची, रुबाब पुरातत्त्व खात्याचा. मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली नगरलाच ओतली गेली, ती आता विजापूरला आहे, हे अगदी खरं. पण तिचा उरलेला धातू म्हणून त्यांनी आमच्या बंबाची जाळी जपून ठेवायला लावली होती!

परवा वाडा पाडायच्या आधी माळा आवरताना एक अजब वस्तू निघाली. हातभर घेराचं लोखंडी कडं, त्याला खाली चहूबाजूंनी दहा-बारा आकडे, वर दोर ओवायची कडी. अण्णांनी ती उलटी केली, नखानं गंज खरवडला, हुंगली आणि डोळे मिटले.

"चांदबीबी," ते म्हणाले.

1595-96 च्या वेढ्यात मुघलांनी भुईकोट किल्ल्याचा तट सुरुंगानं उडवला आणि बीबीनं ते भगदाड रातोरात बुजवून घेतलं. तेव्हा दगड वर ओढले ते म्हणे याच आकड्यांनी. तोवर पोरांनी मोबाइलवर फोटोही काढले.

दोष एकट्या अण्णांचा नाही. शहराबाहेरच्या डोंगरावर कबर आहे सलाबतखानाची, आणि अख्खं नगर तिला म्हणतं चांदबीबीचा महाल.

एवढ्यात आजी काठी टेकत बाहेर आली. "अगं बाई, गळ सापडला होय! अख्ख्या आळीत एकच होता. आडात कुणाची घागर पडली की हा दोराला बांधून सोडायचा न् तळाशी फिरवायचा. आकड्यात काठ अडकला की घागर वर." मग अण्णांकडे वळून म्हणाली, "बाळ्या, तुझ्या आईची रुखवतातली घागर तीनदा काढलीय यानं. तिन्ही वेळा पाडली होती तूच."

ओट्यावर हशा पिकला. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला.

"मावशी, शहराला खापरी नळानं पाणी आणलं कुणी?"

"कुणी?"

"निजामशाहीनं. मग आड कुणाचा?"

आजी गप्प. अण्णांनी गळ उचलला आणि पोरांकडे पाहिलं.

"लिहून घ्या रे. निजामशाही गळ."