उनसठ चाचा

डिसेंबरात पहाटे पावणेपाचला फोन वाजला तर दोनच शक्यता असतात. नात्यातलं कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर काकांचा बँड उघडलेला असतो. पहिल्या वेळी निदान रिक्षा करून जाता येतं. दुसऱ्या वेळी बारा व्होल्टची बॅटरी पाठीला लावून जबलपूरच्या मदन महलची टेकडी चढावी लागते.

"उठलास का? चाळीस मीटर पाच-नऊ आहे. पाच-नऊ! आणि तू झोपतोस!"

ज्यांच्या शेजारी हॅम राहत नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या रेडिओवरून जगातल्या दुसऱ्या तितक्याच रिकाम्या माणसाशी बोलणारा माणूस. काय बोलतो? तर तुझा आवाज मला कसा ऐकू येतो, हे सांगतो. मग समोरचा सांगतो, तुझा मला कसा येतो. मग दोघं ‘सेव्हंटी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा, आणि वहीत नोंद करतात. झालं. आवाजाला गुण असतात. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी.

काकांनी हे गुण रेडिओपुरते ठेवले असते तर मी आज कानटोपी घालून लिहायला बसलो नसतो.

काकूंचे पोहे पाच-सात असतात, शेंगदाणे जास्त पडले तर पाच-आठ. हिवाळ्यातली मटारची उसळ पाच-नऊ. काकूंनी स्वयंपाकघरातून मारलेली हाक ‘पाच-नऊ प्लस वीस’, म्हणजे काटा मीटरच्या बाहेर. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा दिवाणखान्यातच हलक्या आवाजात निकाल जाहीर झाला: "मुलगी पाच-नऊ, सासरा पाच-पाच, पत्रिका तीन-एक." लग्न झालं, आणि सासऱ्यांनी ते पाच-पाच अजून विसरलेलं नाही. एकदा तर एका तेराव्याला कुणीतरी गेलेल्या माणसाबद्दल गहिवरून बोललं. काका शेजारी बसून पुटपुटले, "पाच-सहा. मधे फेडिंग होतं."

गावाने त्यांचं बारसं केलं ते खोव्याच्या जिलेबीच्या दुकानात. पहिला घास घेऊन काका आनंदाने ओरडले, "भैया, फाइव्ह नाइन!" गल्ल्यावरचा माणूस हिशेबी. तो म्हणाला, "उनसठ की? पचास की ले लो चाचा, छुट्टे नहीं हैं." तेव्हापासून काका नेपियर टाउनभर ‘उनसठ चाचा’ झाले. नव्या बिऱ्हाडकरूंना वाटतं, म्हातारा वय चोरतोय.

काका तारखात्यातले. जबलपूर हे तसंही संदेशवाल्यांचं गाव. लष्कराच्या सिग्नल कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे, टेलिफोन खात्याचं प्रशिक्षण केंद्रही इथेच. मोर्स कळणारा एखादा पेन्शनर चहाच्या टपरीवर सहज भेटेल. पण बाकीचे पेन्शनर भंवरताल बागेत चार फेऱ्या मारतात आणि गुडघ्यांबद्दल बोलतात. २०१३च्या जुलैमध्ये देशातली तार बंद झाली. काकांचं कडकट्ट बंद झालं नाही. काकू म्हणतात, रात्री झोपेत यांचं बोट उशीवर वाजतं. काय वाजतं ते त्यांना कळत नाही हे त्यातल्या त्यात बरं.

आणि थट्टा करायची सोय नाही. केली की काका आधी राजीव गांधी काढतात. राजीव गांधींचाही परवाना होता, व्हीयू-टू-आर-जी. हे सांगताना चेहरा असा असतो की दोघांनी एकाच तारेवर कपडे वाळत घातले होते. तेवढ्याने भागलं नाही तर अंदमान. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते, वर्षानुवर्षं जिथून एकही हॅम बोलला नव्हता तिथे. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन मेले, आणि मौजेसाठी नेलेल्या त्याच रेडिओंवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. यावर काय बोलणार? मी गप्प बसतो. काका विजयी मुद्रेने म्हणतात, "म्हणून बॅटरी घे."

घरच्या गच्चीवरून का बोलत नाही, असं मी सुरुवातीला भाबडेपणाने विचारलं होतं. काकांनी मला गच्चीवर नेलं, रेडिओ लावला. आत कुणीतरी सुकं खोबरं मिक्सरला लावल्यासारखा आवाज.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"कोण?"

"हा तुमचा एलईडी दिवा. हा टकटक करतोय तो समोरच्यांचा इन्व्हर्टर. हा बारीक किरकिरणारा तुझ्या बायकोचा चार्जर." मीटरचा काटा सातावर हटून बसला होता. "बघ. कुणी काही बोलत नाहीये, तरी सात!"

डोंगरावर तोच काटा शून्य-एकाच्या वर उठत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. हिवाळाच का, तर उन्हाळ्या-पावसाळ्यात दूरच्या विजांची कडकड या बँडवर सतत भाजत असते, थंडीत ती निवते. आणि पहाटच का, तर सूर्य वर आला की आकाशातला खालचा थर जागा होतो आणि लांबचे बारीक आवाज गिळून टाकतो. सगळं शास्त्र अगदी चोख आहे. त्यात पारा सहावर असताना माझ्या बोटांचं काय करायचं, तेवढं दिलेलं नाही.

त्यातच काकांना कुठूनतरी ‘समिट्स ऑन द एअर’चा शोध लागला. इंग्रजांनी २००२ साली काढलेला खेळ. शिखरावर चढायचं, तिथून रेडिओवर किमान चार जणांशी बोलायचं, शिखराच्या उंचीप्रमाणे गुण मिळवायचे. त्यांच्याकडे हिवाळ्यात उंच शिखरांना जादा गुण. मोटारीच्या बॅटरीवर चालवायचं नाही, सगळं सामान ‘टीम’ने पायी वाहून न्यायचं. त्या दिवशी मला कळलं की मी टीम आहे. शिखर भोवतालच्या जमिनीतून बहुतेक ठिकाणी दीडशे मीटर तरी वर उठलेलं हवं, अशीही एक अट आहे. आपली टेकडी त्यात बसते का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "तुझा आवाज तुटतोय," आणि पुढे चालू लागले.

तेव्हा दृश्य असं. गोंड राजांनी एका अजस्र शिळेवर बांधलेली मदन महलची चौकी. खाली धुक्यात बुडालेलं शहर. १९९७च्या भूकंपातही न हललेली ती प्रसिद्ध तोललेली शिळा जवळच. आणि मी, गळाची फायबरची लांब काठी धरून उभा. काठीच्या टोकावरून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार उतरलेली, म्हणजे डायपोल. तिचं एक टोक करवंदीला, दुसरं शारदा मंदिराच्या वाटेवरच्या झुडपाला. काका बसकुरावर मांडी घालून, मफलरच्या आत हेडफोन, मनगटावरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेला लावलेलं. साडेपाच तास मागे. काकूंचं म्हणणं, लग्नापासून तेवढेच मागे आहेत.

"सीक्यू सीक्यू सीक्यू..." म्हणजे ‘आहे का कुणी?’, असा घोष सुरू होतो. आधी माकडं येतात, मग भाविक, मग पोलीस.

पोलीस येणारच. या गावात १९०४पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, खमरियाचा दारूगोळ्याचा आहे, लष्करी वाहनांचा आहे. अशा गावाच्या डोक्यावर पहाटे कानटोपी घालून कुणी ‘ब्राव्हो, किलो, टँगो’ म्हणत असेल तर चौकशी व्हायलाच हवी. म्हणून काकांच्या प्रत्येक खिशात परवान्याची लॅमिनेट केलेली प्रत असते. बनियनलाही खिसा शिवून घेतला आहे.

"काय बड्डे?" शिपायाने विचारलं.

आता बुंदेलीत ‘काय’ म्हणजे ‘का रे बाबा’. काकांनी ते मराठी धरलं. "काय म्हणजे? डायपोल!"

परवाना पाहून शिपाई निवळला. उकिडवा बसून म्हणाला, "जासे कहाँ लौ बात हो जात?"

"ऑस्ट्रेलिया!"

"तो तनक सागर लगा दो. ससुराल है हमाई."

काका गप्प. कारण या बँडवर पहाटे लाटा वर जाऊन एकदम शेकडो-हजारो मैल पलीकडे उतरतात, जवळचं सगळं कोरडं राहतं. ऑस्ट्रेलिया लागतं, सागर लागत नाही. शिवाय संकटाची वेळ सोडली तर तिऱ्हाइताचा निरोप पोचवायला नियमाने बंदी. काकांनी त्याला हे दोन्ही पंधरा मिनिटं समजावलं. शिपाई उठला, पँट झटकली, आणि साऱ्या हॅम मंडळींविषयी मी ऐकलेलं सर्वांत नेमकं मत देऊन गेला: "तो फिर काय काम को?"

खरं तर त्या पाच-नऊबद्दलही हेच म्हणता येईल. हॅम लोकांच्या स्पर्धा असतात, दोन-दोन दिवस चालतात. त्यात जो तो ज्याला त्याला पाच-नऊच देतो. मी कानाने ऐकलं आहे: "यू आर फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन! प्लीज रिपीट युअर कॉल, रिपीट, रिपीट, नॉट कॉपीइंग." म्हणजे काही ऐकू आलं नाही, पण पैकीच्या पैकी. आमच्या साहित्य संमेलनांत नव्या कवींना याच चालीवर दाद देतात. हिंदीतले व्यंग्यकार हरिशंकर परसाईजी याच जबलपूरचे. ते या टेकडीवर आले असते तर पोलिसाच्या शेजारीच बसले असते.

गेल्या पौषात मात्र एक गोष्ट झाली. बॅटरी गारठून बसली होती, सूर्य उगवायला दहा मिनिटं, चौथा माणूस मिळेना. तेवढ्यात मुंगीने हाक मारावी तसा काहीतरी आवाज. मला वाटलं वारा. काकांनी हात वर केला, डोळे मिटले. पाच मिनिटं लागली अक्षरं जुळवायला. दक्षिणेतला कुणी पोरगा, नुकताच परवाना मिळालेला, खिडकीच्या गजाला तार बांधून बोलत होता. आयुष्यातला पहिलाच संपर्क. आता या पोराला पाच-नऊ नाही द्यायचं तर कुणाला?

काका शांतपणे म्हणाले, "यू आर थ्री बाय टू. थ्री, टू."

परतताना मी चिडलो. तुमचे पोहे पाच-सात आणि त्या पोराला तीन-दोन?

"पोहे कसे झाले विचारलं तर खोटं बोलावं," काका म्हणाले. "अँटेना कशी आहे विचारलं तर बोलू नये. आज खोटं सांगितलं तर तो गज सोडणार नाही. तार गच्चीवर न्यायची राहील." मग थोडं चालून, "पण खिडकीतून इथवर आला, हां!"

त्याच दिवशी तार गुंडाळताना मंदिराकडच्या टोकाला लाल धागा सापडला. वाटेवरच्या झुडपांना लोक नवसाचे धागे बांधतात. अंधारात कुणीतरी आमच्या डायपोललाच बांधला होता. काका वैतागले. अँटेनाचा एसडब्ल्यूआर बिघडेल, म्हणाले, लोकांना अक्कल नाही, म्हणाले. पण सोडला नाही. तो धागा अजून तिथेच आहे, रंग उडून गुलाबी झालाय. मी एकदा नखाने काढायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. वजन काय त्याचं?"

वही मी लिहितो, कारण बॅटरी वाहून झाल्यावर टीमला दुसरं काम नसतं. तारीख, वेळ ग्रीनिचची, फ्रिक्वेन्सी, स्टेशन, दिलेले गुण, मिळालेले गुण, शेरा. वहीत खाडाखोड चालत नाही, हा काकांचा तारखात्यापासूनचा नियम. काकांची मुलगी कॅनडात असते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा अनेकदा मी तिथे असतो. चित्र थिजतं, आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा, ती तिकडून ओरडते, "बाबा, ऐकू येतंय का?" आणि काका स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन हसत म्हणतात, "पाच-नऊ गं, पाच-नऊ!" मला हसू येतं. काकू त्यांच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

परवा डोंगरावर पान उलटताना चुकून मागचं पान उघडलं. अक्षर काकांचं. फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात ‘व्हॉट्सॲप’. स्टेशनच्या रकान्यात ‘चिमणी’. खाली रविवारमागून रविवार. दिलेले गुण सगळीकडे ५-९. शेऱ्यात: ‘खरे २-१’. ‘खरे ३-२, नातू मधे बोलला, कळलं नाही’. ‘खरे १-१, फक्त ओठ’. तेवीस ओळी खाली एकदाच: ‘खरे ५-९. सर्दी झाली आहे. सांगत नाही.’

"लिहिलंस का?" काकांनी हेडफोन सरकवून विचारलं.

"लिहितोय," मी म्हटलं आणि पान पुढे केलं.