पोरगा निघालाय

घरचं नेट गेलं की आपल्याकडे दोन फोन होतात. पहिला कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर, दुसरा बिल्डिंगमध्ये वायर टाकून गेलेल्या लोकल केबलवाल्याला. पहिल्या ठिकाणी ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगून सतार ऐकवतात. दुसऱ्या ठिकाणी एवढा शिष्टाचार नसतो. ‘साहेब, वरूनच डाऊन आहे. पोरगा निघालाय.’ हा पोरगा कोण, कुठून निघाला, कधी पोचणार, हे विचारायचं नसतं. महाराष्ट्रातल्या ब्रॉडबँडची निम्मी भिस्त या निघालेल्या पोरावर आहे आणि उरलेली निम्मी राउटर बंद करून चालू करण्यावर.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधल्या गृहस्थांचं उदाहरण नमुन्यादाखल घ्यावं. सोमवारी सकाळी, ऐन मीटिंगच्या वेळी, टीव्हीमागच्या पांढऱ्या डब्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकू लागला. या दिव्याचा अर्थ एवढाच, की पलीकडून प्रकाश यायचा थांबला आहे. फायबर म्हणजे काचेची तार. तिचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. त्यातून डोळ्यांना न दिसणारा लेझरचा प्रकाश येतो आणि वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत तो अनेकदा बत्तीस घरांत वाटला जातो. तार तुटली, खिडकीच्या चौकटीत चेंगरली किंवा कोपऱ्यावर फारच वाकवली, की प्रकाश वाटेतच सांडतो. ते ओळखायला इंजिनिअर लागत नाही, लाल दिवा दिसला की पुरे. पण कॉल सेंटरच्या कागदावर लाल दिवा तिसऱ्या पानावर असावा आणि संभाषण पहिल्या पानावरूनच सुरू करायचं असा दंडक असावा.

‘सर, राउटर एकदा बंद करून परत चालू करता का?’

‘केला. लाल लाईट आहे. खाली रस्त्यावर जेसीबी चालू आहे.’

‘ओके सर. आता मागचं छोटं बटण पिनने दहा सेकंद दाबून धरा.’

‘अहो ताई, रस्ता खणलाय!’

‘समजू शकते सर. मी एक लिंक पाठवते, त्यावर तक्रार नोंदवा. वायफायवर असाल तर लवकर उघडेल.’

गृहस्थांनी बटण दाबलं. त्यामुळे रस्त्यातली तार काही जोडली गेली नाही. घरातल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मात्र धुऊन निघाला. संध्याकाळी लाईन आली तेव्हा टीव्ही, दोन लॅपटॉप आणि आजींचा टॅब यांना नव्याने ओळख करून द्यावी लागली. आजींची मालिका तेवढ्यात संपली होती. तो विषय घरात अजून चालू आहे.

जेसीबीची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. 22 मार्च 2023 रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. म्हणजे खणण्याआधी फोन करा, जमिनीखाली कोणाची काय तार आहे ते विचारून घ्या. मनमानी खोदकामामुळे देशाचं दरवर्षी सुमारे 3000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा हिशोब तेव्हा सरकारनेच दिला होता. योजना उत्तम आहे. आपल्याकडे मात्र पाणीवाला खणून जातो, मग गॅसवाला येतो, मग महापालिका वरून डांबर टाकते आणि डांबर वाळायच्या आत वीजवाला येतो. यातल्या कोणी कोणाला फोन केला असता, तर रस्ता एकदाच खणला गेला असता. त्यात बरीच मंडळी बेकार झाली असती, हाही भाग आहेच.

तार तुटायला जेसीबीच लागतो असंही नाही. 2011 च्या मार्चमध्ये जॉर्जिया देशात पंचाहत्तर वर्षांच्या एका आजीबाई भंगारातलं तांबं शोधायला कुदळ-फावडं घेऊन निघाल्या. त्यांचा घाव नेमका फायबरवर बसला आणि शेजारच्या आर्मेनिया देशाचं जवळजवळ सगळं इंटरनेट काही तास बंद पडलं. वाराणसीत गंगेच्या काठाने टाकलेली फायबर माकडं कुरतडून खात असल्याच्या बातम्या 2015 मध्ये जगभर छापून आल्या. जुन्या गर्दीच्या शहरात तार दुसरीकडे न्यायला जागा नाही आणि माकडांना हाकलावं तर भाविक रागावणार, अशी ती अडचण होती. आपल्याकडचे उंदीर तेच काम इमानेइतबारे करतात, फक्त त्यांच्या बातम्या येत नाहीत.

सगळ्यांत कडी केली ती वेल्समधल्या ॲबरहोसन गावाने. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. इंजिनिअर येऊन गेले, लाईन तपासली, केबलचा मोठा भाग बदलून झाला, तरी सात वाजले की नेट मान टाकायचंच. शेवटी एक तुकडी विद्युत गोंगाट मोजणारं यंत्र घेऊन पहाटे सहापासून पावसात गावभर फिरली. सातच्या ठोक्याला यंत्र ओरडलं. एका घरात जुनापुराणा टीव्ही सुरू झाला होता आणि त्याच्या गोंगाटाने तांब्याच्या लाईनीवरचा सिग्नल बुडत होता. 2020 मध्ये ही बातमी जाहीर झाली. टीव्हीचे मालक इतके ओशाळले, की तो पुन्हा लावणार नाही असं त्यांनी लगेच कबूल केलं. हे वेल्समध्ये झालं म्हणून निभावलं. ठाण्यात टीव्ही बंद करा म्हणून कोणी दारात आला असता, तर आधी त्याचं ओळखपत्र, मग सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आणि मग ‘आमच्याच टीव्हीत दिसलं का तुम्हाला?’ असा क्रम झाला असता.

तरी एक मान्य केलं पाहिजे. चूक कधीकधी खरंच घरात असते. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुनं वायफाय दोघंही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास नांदतात. त्यामुळे फ्रिजच्या डोक्यावर राउटर ठेवून शेजारी वरण गरम करणाऱ्याने कंपनीला शिव्या घालण्याआधी जरा थांबावं.

आता वेगाविषयी. ‘100 एमबीपीएस’चा प्लॅन घेणाऱ्याला सेकंदाला शंभर मेगाबाइट मिळतील असं वाटतं. मिळतात साडेबारा, कारण कंपनी बिट मोजते आणि ग्राहक बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. दूधवाल्याने लिटरऐवजी थेंब मोजून भाव सांगितला, तर गिऱ्हाईक हिशोब विचारेल. इथे कोणी विचारत नाही. सरकारही या बाबतीत समजूतदार आहे. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. 2013 मध्ये ते 512 झालं आणि 2 एमबीपीएसवर पोचायला 2023 साल उजाडलं. एवढ्या वेळात पहिलीतलं पोर कॉलेज पूर्ण करून नोकरी शोधायला लागतं.

मंद लाईनीवर चिडून दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने 2009 मध्ये विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधलं आणि त्याला हॉविकहून डर्बनला सोडलं. कबुतर एक तास आठ मिनिटांत पोचलं. कार्डावरचा डेटा उतरवून घेईपर्यंत दोन तासांहून थोडा अधिक वेळ गेला. तेवढ्यात लाईनीवरून गेला होता चार टक्के. ओडिशा पोलिसांची कबुतर-डाक सेवा 2002 मध्ये बंद झाली, हा निर्णय जरा घाईचाच म्हणायचा.

नेट चालू असलं तरी विक्षिप्तपणा संपत नाही. घोडबंदरच्या गृहस्थांना हवामानाची वेबसाइट चेन्नईतला उकाडा सांगते आणि जाहिराती तमिळमधून येतात, कारण त्यांच्या कंपनीचा आयपी पत्ता कुठल्याशा यादीत तिकडे नोंदलेला आहे. ते त्यावर कुरकुरतात, पण त्यांचं नशीब थोर. अमेरिकेत मॅक्समाइंड नावाच्या कंपनीला, ज्या आयपी पत्त्याचं गाव कळत नाही तो नकाशावर कुठेतरी ठेवायचा होता. तिने देशाच्या मध्याजवळचा एक गोळाबेरीज बिंदू निवडला. तो निघाला कॅन्ससमधल्या एका शेतघराच्या अंगणात. साठ कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या घरावर चिकटले. मग कुठेही ऑनलाइन चोरी झाली, फसवणूक झाली, कोणी आत्महत्येची धमकी दिली, की पोलीस, करखात्याचे अधिकारी आणि रुग्णवाहिका त्या दारात हजर. हे वर्षानुवर्षं चाललं. 2016 मध्ये एका पत्रकाराने छडा लावला तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तळ्याच्या मध्यभागी नेऊन ठेवला.

आणि आता या व्यवसायातलं सर्वांत प्रगत तंत्रज्ञान. ते फायबर नव्हे, तक्रार बंद करण्याचं. लाल दिवा तसाच लुकलुकत असतो आणि मोबाईलवर मेसेज येतो, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आम्हाला पाच तारे द्या.’ फोन करावा तर नवी तक्रार, नवा नंबर, नवा पहिला दिवस. यामागे निव्वळ वेंधळेपणा आहे असं समजणारा माणूस भोळा. ब्रॉडबँडचा बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांवर गेला तर ग्राहकाला बिलात सूट द्यायची, अशी तरतूद दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2006 सालीच केली होती. तक्रार दुसऱ्या दिवशी बंद केली की तिसरा दिवस उजाडतच नाही. केवढी ही दूरदृष्टी!

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तक्रार नोंदवली की तिचा नंबर (डॉकेट नंबर) मागून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि लाल दिव्याचा तारीख-वेळेसकट फोटो काढा. ‘निवारण झालं’ असा मेसेज आला आणि नेट आलं नसेल, तर नवी तक्रार करत बसू नका, जुन्या नंबरवरच अपील करा. ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार कंपनीला अपील प्राधिकारी नेमावा लागतो, अपिलाला फी नाही आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. प्राधिकारी कंपनीचाच असतो हे खरं. पण त्याला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचा एक माणूस बसतो, आणि बहुतेक ग्राहक त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाहीत.