हो जाएगा, भाऊ

नळपाण्याची योजना जिथे जिथे संगणकावर आखली जाते, तिथे एक मॉडेलवाले भाऊ असतातच. बऱ्हाणपुरात तर ते हवेतच. सगळ्या गावांत घरोघरी नळ पोचल्याचं प्रमाणपत्र २०२२ साली देशात सगळ्यात आधी मिळवलं ते याच जिल्ह्याने. नळ म्हटलं की पाइप आले, पाइप आले की त्यांचं गणित करणारं एपॅनेट हे सॉफ्टवेअर आलं, आणि एपॅनेट आलं की कधीतरी पडद्यावर ‘सिस्टिम अनबॅलन्स्ड’ असा इशारा येणारच. भाऊ तो वाचत नाहीत. डासावर हात जावा तसा त्यांचा हात थेट पर्यायांच्या खिडकीवर जातो. अचूकता ०.००१ असते ती ०.१ होते, ट्रायल, म्हणजे गणिताच्या फेऱ्या, ४० असतात त्या ५०० होतात, तरीही जमलं नाही तर ‘कंटिन्यू’. ‘हो जाएगा, भाऊ,’ असं ते शेजारच्या नवशिक्याला सांगतात. आणि होतंही, पंचाईत तीच आहे.

पाइपातली दाबाची घट प्रवाहाच्या सरळ प्रमाणात नसते. हेझन-विल्यम्सच्या सूत्रात ती प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढते. त्यामुळे उत्तर एका दमात निघत नाही. सॉफ्टवेअर आधी अंदाज धरतं, चूक मोजतं, अंदाज सुधारतं आणि पुन्हा मोजतं. दर फेरीला प्रवाह किती हलले, याला अचूकतेचा आकडा लगाम घालतो. तो ०.१ केला याचा अर्थ एकूण प्रवाहाच्या जवळपास दहा टक्के पाणी अजून इकडचं तिकडे होत असताना भाऊंनी गणित थांबवलं. ‘कंटिन्यू’ त्याहून धीट: उघडमीट करणारे व्हॉल्व्ह आणि पंप आहेत त्या स्थितीत गोठवून आणखी काही फेऱ्या मारायच्या. खरं तर ती उघडमीट हीच बातमी असते. पंपाला त्याच्या ताकदीबाहेरच्या उंचीवर पाणी चढवायला सांगितलेलं असतं, म्हणून तो एका फेरीत बंद आणि दुसरीत चालू. किंवा दाब राखणारे दोन व्हॉल्व्ह एकमेकांचं काम उलटवत बसलेले असतात. गणित सोडवणारा सॉल्व्हर बिचारा तेवढंच ओरडून सांगतो, आणि भाऊ त्यालाच गप्प बसवतात.

भाऊंची बाजू अगदीच पोकळ नाही. ०.००१ हा काही वेदातला आकडा नव्हे. अडकलेलं मॉडेल कुठे अडलंय ते पाहण्यासाठी तो तात्पुरता सैल करणं रास्तच. प्रवाह शून्याजवळ आला की त्या सूत्राचा उतारही शून्याकडे जातो आणि गणित खरोखर लटपटतं. तो दोष गावाच्या पाइपांचा नव्हे. पण मग कोणता पाइप लटपटला ते तरी पाहायला हवं, आणि सैल केलेला आकडा परत घट्ट करायला हवा. भाऊंचा दुसरा सवाल जास्त तिखट आहे: गावात नळाला पाणी येतं, मग गणितालाच काय धाड भरली? गणिताला धाड भरलेली नसते. भाऊंनी लिहिलेलं गाव वेगळं असतं. खऱ्या गावात पाणी ठरावीक वेळीच सुटतं, दाब पडला की नळाची धार बारीक होते. जुनं एपॅनेट मात्र दाब असो-नसो, मागणी पुरी झालीच असं धरून चालायचं. दाबानुसार मागणी घटवण्याची सोय २०२० च्या २.२ आवृत्तीत आली.

उलट, जमलं म्हणजे खरं हेही नाही. १६१५ च्या सुमाराचा बऱ्हाणपुरातलाच कुंडी भंडारा घ्या. सातपुड्याच्या पोटातलं झिरपतं पाणी भुयारातून, शंभरावर कुंड्यांखालून, निव्वळ उताराने शहराकडे येतं. कुंड्या उघड्या, पंप नाही. भाऊ त्याला दाबाखाली भरून वाहणारा पाइप समजून काढतील, आणि ते मॉडेल एकही कुरकुर न करता चार-दोन फेऱ्यांत जमेल.

राहिली मुदत. टेंडर सोमवारी असतं, हे खरं. पण स्टेटस रिपोर्ट ‘फुल’वर ठेवला तर कोणता व्हॉल्व्ह फेरीफेरीला पालटतो ते नंबरासकट छापून येतं. भाऊंना हे पक्कं ठाऊक आहे. पानंच्या पानं निघतात आणि ती वाचावी लागतात, एवढीच त्यांची तक्रार आहे.