डाव्या पायडलची परिक्रमा

मामांच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे, ती सापडली तेव्हा तिच्यावर तीन कोंबड्या बसल्या होत्या आणि चौथी हेडलाइटच्या वाटीत अंडं घालत होती. मी कडबा बाजूला सारताच चौघींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आरसी बुक बहुधा त्यांच्याच नावावर असावं.

"मामा, ही विंटेज आहे!" मी म्हणालो.

"लुना आहे ती," मामा म्हणाले आणि म्हशीला पेंड घालायला गेले.

विंटेजचं वेड मला पुण्याच्या एका मित्रानं लावलं. त्याच्याकडे जावा आहे. ती १९६१ पासून म्हैसूरला कशी बनू लागली, किक आणि गिअर एकाच दांडीत कसे आहेत, हे तो चहाच्या प्रत्येक घोटाला सांगतो. आपल्याकडेही असं काही असावं, असं मला फार दिवस वाटत होतं. मामांनी लुना घेतली १९७५ साली आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपातली दुचाकी विंटेज ठरते. हिशेब बसला. घाईघाईनं मी मामांना उरलेला नियमही सांगितला: नोंदणीची फी वीस हजार, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन किंवा रॅली असेल तरच.

मामांनी पेंडीची पाटी खाली ठेवली. "म्हणजे वीस हजार भरायचे, आणि वर चालवायची नाही?"

"तसंच."

"मग कोंबड्यांनी काय वाईट केलंय?"

लुनेचं घराणं नगरचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी तोंडातून नगरच निघतं, तेव्हा नगरच म्हणतो. फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये ती बाजारात आणली. बांधा इटलीतल्या पियाजिओच्या 'चाओ' मोपेडवरून घेतलेला, इंजिन पन्नास सीसीचं, गिअर नाही, क्लच दाबायचा नाही. आणि पेट्रोल संपलंच तर सायकलसारखी पायडल मारत घरी. पण आमच्याकडे बहात्तर साल म्हटलं की आठवतो तो दुष्काळ. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. मामांचा यावर एक सिद्धान्त आहे. "बहात्तरची पोरं बघ. ताटात कण टाकत नाहीत. ही त्याच सालची. चहाच्या कपाएवढ्या पेट्रोलात बाजार करून यायची."

मी यादी केली. सीट नाही, चेन सॉकेट नाही, डावं पायडल नाही, टाकीच्या झाकणाच्या जागी मक्याचं बुरकुंड.

"चोरीला गेलं का हो सगळं?"

"छ्या! चोरीला कशाला जातंय? कामाला लागलंय."

ते खरंच होतं. सीट गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे लोखंडी पाइपावर बसवलेली सापडली, आणि तिच्यावर बसून तो कुणाच्या तरी नांगराचा फाळ जोडत होता. सीट परत मागितली तर म्हणाला, "घेऊन जा की, पण मी उभा राहून काम करू का?" त्याला प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली तेव्हा सीट सुटली. सॉकेट मामांनी कुणाला तरी कडबाकुट्टीसाठी दिलं होतं. ती कडबाकुट्टी पुढं विकली गेली आणि विकणारा माणूस वारला. पायडल शेजारच्या मुलीच्या सायकलला लागलं होतं. तिचं लग्न झालं आणि सायकल सासरी गेली. हुंड्यात पायडल गेल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

गाडी टेम्पोत घालून नगरला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि पाना खाली ठेवला.

"इंजिन जाम आहे, ते मी सोडवीन. बोअर करावं लागलं तर रिंग-पिस्टनचं बघू. सॉकेट आणि पायडल तुम्ही आणा."

"पायडल तर सायकलच्या दुकानात मिळेल."

मिस्त्री कीव आल्यासारखे हसले. "डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, भाऊ. सरळ आटे ठेवले तर चालवता चालवता आपोआप सुटत जाईल. त्यातून हिचं माप वेगळं. उजवी माझ्याकडे सात पडलीत. डावं एकपण नाही. लोक डाव्या बाजूनं पडतात ना."

"कारखान्याकडे विचारू का?"

"तिथं आता २०२४ पासून विजेच्या लुनेची बात. तिच्या पार्टला ही ओळखणार नाही, हिच्या पार्टला ती."

नगरात कायनेटिक चौक आहे, लुनेचं डावं पायडल नाही. मी शोधाला निघालो.

पहिली फेरी दौंड रस्त्यानं काष्टीला, शनिवारच्या जनावरांच्या बाजाराला. वाटेत अरणगावजवळ मेहेराबाद लागलं. मेहेरबाबांनी १९२५ पासून देह ठेवेपर्यंत, म्हणजे १९६९ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं मौन पाळलं. त्या मानानं माझ्या लुनेचं पंचवीस वर्षांचं मौन कोवळंच, असं म्हणून मनाला धीर दिला.

काष्टीच्या बाजारात बैलांच्या रांगा, म्हशींच्या शिंगांना लावलेलं तेल, आणि वर धूळ. कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पथारीच्या एका कोपऱ्यात जुनं लोखंड मांडलं होतं. त्यात, एका घंटेच्या आड, माझं सॉकेट! मिस्त्रींनी कागदावर काढून दिलेल्या चित्राशी ताडून पाहिलं. तेच. चेहऱ्यावर काही दिसू न देता विचारलं, "हे कसलं चक्र आहे बाबा?"

बाबा आयुष्यभर बैलांचा व्यापार केलेले. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला त्यांना चष्मा लागत नव्हता.

"दात बघून घ्या," ते म्हणाले. सॉकेट त्यांनी बैलाचा जबडा धरावा तसं धरलं आणि दातांवरून अंगठा फिरवला. "एक पण झिजला नाही. कामाला अजून पंधरा वर्षं मरण नाही."

"किंमत?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. जनावरांचा सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला भाव कळू नये. सॉकेटचा भाव कळून कुणाचं काय बिघडणार होतं, हे विचारायची सोय नव्हती. बाबांनी माझी तीन बोटं दाबली. तीनशे, असं मी समजलो आणि जरा कमी करावं म्हणून त्यांची दोन बोटं दाबली. ते गालात हसले. मग त्यांनी पंजाच दाबला. माझा गोंधळ उडाला आणि सभ्यपणा म्हणून मीही पंजा दाबला. टॉवेल उचलला गेला. भोवती जमलेले चारजण म्हणाले, "झाला सौदा!" मला सोडून सगळ्यांना भाव कळला होता. सातशे रुपये. तीन आणि दोनवरून पंजा होत सातशे कसे झाले, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. बाबांनी वर एक लाल गोंडा फुकट दिला. "हँडलला बांधा. दृष्ट लागायची."

पुढच्या रविवारी जावावाला मित्र पुण्याहून आला. त्याला दाखवायला माझ्याकडे अजून गाडी नव्हती, म्हणून रणगाडे दाखवायला नेलं. नगरला लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे आणि त्याचं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून उघडं आहे. ब्रिटिश चर्चिल, जपानी हा-गो, पाकिस्तानचा पॅटन, सगळे ऐसपैस उभे. मित्र प्रत्येक रणगाड्याचे नटबोल्ट वाकून बघत होता. मी पॅटनसमोर थांबलो. अमेरिकेत बनलेलं हे धूड पाकिस्तानात गेलं, लढाईत सापडलं आणि नगरला येऊन उभं राहिलं. आणि नगरला बनलेल्या गाडीचं वितभर पायडल नगरला येत नव्हतं.

"तुझ्या गाडीचं काय मिळत नाहीये?" मित्रानं विचारलं.

"एक महत्त्वाचा ट्रान्समिशनचा भाग," मी म्हणालो.

पायडलचा माग अखेर शेजारच्या मुलीच्या सासरी लागला, म्हणजे शनिशिंगणापूरला. घोडेगावावरून आत वळलं की शिंगणापूर. शनिदेवाची शिळा उघड्यावर, डोक्यावर छत नाही. गावातल्या जुन्या घरांना दारं नाहीत आणि युको बँकेनं २०११ मध्ये इथं बिनकुलपाची शाखा काढली होती. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतो, ही इथली श्रद्धा. अशा गावात माझं पायडल सुखरूप असणार, याची मला खात्री होती.

सायकल केव्हाच भंगारात गेली होती. पण त्या मुलीचे सासरे, आबा, मला परसात घेऊन गेले आणि मी जागीच खिळलो. समोर एक लुना उभी होती. पूर्ण. दोन्ही पायडलं. चाकात मनगटाएवढी साखळी, आणि साखळीला पितळी कुलूप.

"घराला दार नाही आणि लुनेला कुलूप?"

"चोराची कसली भीती हो," आबा म्हणाले. "चोराचं शनिदेव बघतो. उसनं नेणाऱ्यांचं तो काही बघत नाही. आत्तापर्यंत पंप गेला, आरसा गेला, स्टँडची स्प्रिंग गेली. सगळी घरचीच माणसं."

मी तासभर बसलो, दोन कप चहा घेतला. सून माहेरच्या गोष्टी विचारत राहिली, मी माहीत असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या सांगितल्या. शेवटी आबांनी कंबरेची किल्ली काढली.

"विकणार नाही. एकाच पायडलनं गाडी अनाथ दिसते. उसनं घेऊन जा, दुसरं मिळालं की आणून दे."

"तुमच्या गाडीचं काय मग?"

"तिला कुलूप आहे ना. कुठं जातीय ती."

महिन्याभरात मिस्त्रींनी इंजिन सोडवलं. रिंग बदलली, कार्बोरेटरमधून एक मेलेला विंचू काढला, पॉइंट घासले. ऑइल घालून पेट्रोल भरलं. स्टँडवर चढवून मी पायडल मारत राहिलो. अकराव्या फेऱ्याला तिला खोकला आला, निळा धूर निघाला आणि मग ती बोलू लागली, सत्यनारायणाच्या भटजींसारखी, न थांबता, एकाच सुरात. मिस्त्रींनी पान्यासकट कपाळाला हात लावला.

मामांकडे तिला चालवतच न्यायची, असं मी ठरवलं. विंटेजचा अर्ज अजून भरलेला नव्हता, त्यामुळे चालवायला मनाई नव्हती. लाल गोंडा वाऱ्यावर उडवत पुणे रस्त्याला लागलो. केडगाव गेलं, चास मागं पडलं. ट्रकवाले हॉर्न द्यायच्या ऐवजी हात करत होते. एका एसटीतल्या आजोबांनी तर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मला निरोप दिला. आणि कामरगावच्या अलीकडे भटजी आरतीला न येताच थांबले.

बुरकुंड काढून पाहिलं. टाकी कोरडी. आजूबाजूला पंप नाही, वर ऊन.

आणि मग, ज्याच्यासाठी जिल्हा पालथा घातला, त्या पायडलवर मी डावा पाय ठेवला. एक, दोन, एक, दोन. सातशे रुपयांचं सॉकेट फिरलं, उसनं पायडल फिरलं आणि दुष्काळात जन्मलेली माझी गाडी थेंबभर पेट्रोलाशिवाय चालू लागली. चढावर उतरून ढकलली, उतारावर बसलो. पंपापर्यंतचे तीन किलोमीटर तासाभरात कापले. मामांचा सिद्धान्त खरा होता, फक्त तो सिद्ध करायला भाच्याचे पाय लागले.

पंपावर घाम पुसत उभा होतो. भेळेचा गाडा ढकलत एकजण जवळ आला. गाड्याचं एक चाक वाकडं होतं. त्यानं लुनेच्या पुढच्या चाकाकडे बघितलं, मग गाड्याच्या चाकाकडे, मग परत लुनेकडे. वितीनं मोजूनही पाहिलं.

"भाऊ," तो म्हणाला, "बरोबर बसतंय. विकत नको. दोन दिवस उसनं मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून मनगटाएवढी साखळी आणि पितळी कुलूप घेतलं. आबांचं पायडल अजून द्यायचंय. देईन. दुसरं मिळालं की लगेच देईन.