भिंत धुणारा माणूस कसा पारखावा

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत घर बाहेरून धुऊन घ्यायचं असेल, तर माणूस शोधण्याआधी घरावर काय बसलंय ते पाहावं. इथली धूळ तीन रंगांत मिळते. चंद्रपूर शहर, दुर्गापूर, घुग्गुस या पट्ट्यात काळी. गडचांदूरकडे सिमेंटची राखाडी. आणि सुरजागडचं लोहखनिज ट्रकांतून ज्या रस्त्यांनी खाली उतरतं, त्या आलापल्ली-आष्टीच्या बाजूला तांबडी. चौथा रंग शेवाळाचा हिरवा. तो पाऊस फुकट देतो आणि वाटताना गरीब-श्रीमंत पाहत नाही. जो ठेकेदार फाटकातून आत येतानाच "होऊन जाते न जी" म्हणतो आणि भिंतीला बोटसुद्धा लावत नाही, त्याला चहा पाजून परत पाठवावं. चहा पाजायचाच, कारण शेवटी तोच मिळण्याची शक्यता दांडगी आहे.

बोट लावणाऱ्याचं मात्र नीट निरीक्षण करावं. काळी धूळ बोटाला लागली की तो बोटं एकमेकांवर घासून पाहतो: नुसती कोरडी आहे, की चिकट काजळी झाली आहे. चिकट असेल तर साबणाचं पाणी आधी लागतं, नुसत्या जोरानं ती पसरते. राखाडी धुळीला तो पाणी मारायला तयारच होत नाही. आधी कोरड्या ब्रशनं झाडून घेऊ म्हणतो. हा माणूस जाणकार समजावा. सिमेंटला पाणी दाखवलं की ते आपला धर्म पाळतं, आणि धुवायला काढलेल्या भिंतीवर गिलाव्याचा नवा थर चढतो. तांबड्या डागासाठी तो ऑक्झॅलिक ॲसिडचं नाव घेईल, आणि सोबत "लेकरं, ढोरं दूर ठेवा, जहर हाय" असंही सांगेल. शेवाळासाठी ब्लिचिंग पावडरचं पाणी मारून थोडा वेळ थांबायला सांगेल. या सगळ्या रोगांवर जो एकाच बाटलीतलं ॲसिड काढतो, त्याची बाटली आणि तो, दोघांनाही फाटकाबाहेर ठेवावं. फरशीचं ॲसिड चुना खातं, सिमेंट खातं; आणि ब्लिचिंगच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरीन वायू होतो. प्रदूषण सोसून घेण्यात आपला जिल्हा आधीच बराच पुढे आहे, त्यात घरगुती भर नको.

कितपत पुढे, तेही माहीत असावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. घरातल्या पोराला एवढे मार्क पडले असते तर आपण पेढे वाटले असते. इथे मात्र जितके गुण जास्त तितकी प्रकृती वाईट, असा हिशेब होता, आणि जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदी आली. शहराच्या शेजारचं महाऔष्णिक वीज केंद्र आज २९२० मेगावॉटचं आहे. कोळसा जळतो, राख उरते, वारा वाहतो. यात कुणी नवीन काही सांगितलं नाही.

म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारावा तो भावाचा नव्हे. विचारावं, "हे किती दिवस टिकेल?" जो "दोन वर्षं बघायचं काम नाही" म्हणतो, तो एक तर चंद्रपूरचा नाही किंवा आपल्याला चंद्रपूरचं समजत नाही. विश्वासू माणूस खाली मान घालून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत सांगतो, "पाहा काकू, दिवारी परेंत राहीन. मंग हायेच." हा माणूस स्वतःच्या धंद्यावर पाणी ओततोय हे लक्षात घ्यावं, आणि त्याला जाऊ देऊ नये. त्याहून वरच्या दर्जाचा माणूस सगळं घर फिरून झाल्यावर म्हणतो, "मागची भित नका धुवू. प्लास्टर सुटलं हाय. पानी मारलं का खालीच येते." अशा माणसाला जेवू घालूनच पाठवावं.

आता यंत्र. गावातला 'प्रेशरवाला' बहुधा मूळचा गाड्या धुणारा असतो, आणि गाडी पत्र्याची असते हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक असतं. घर पत्र्याचं नसतं हे त्याला सांगावं लागतं. घरगुती मशीनसुद्धा शंभर-सव्वाशे बारचा दाब देते. म्हणजे नळाच्या पाण्याच्या कित्येक पट, आणि तोही बोटभर जागेत. गनच्या तोंडाला लावायच्या टोप्या रंगीत असतात: लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळी पंधरा, हिरवी पंचवीस, पांढरी चाळीस अंशांची पसरट, काळी साबणासाठी. ठेकेदाराला सहज, अगदी गप्पांच्या ओघात विचारावं, "भाऊ, ही लाल कशाची जी?" "तीच भारी, तिनंच लवकर होते," असं उत्तर आलं तर मुलाखत संपली. लाल धारेनं रंग निघतो, पुट्टी निघते, विटांच्या सांध्यातला चुना निघतो. आणि काम लवकर होतं हे खरंच आहे, कारण धुवायला भिंत कमी उरते.

चांगला गडी काय करतो ते एकदा जवळ उभं राहून पाहण्यासारखं असतं. तो आधी धार जमिनीवर सोडतो. मग पांढरी टोपी लावून, दोन हात मागं सरकून, तुळशीवृंदावनामागचा कोणाला न दिसणारा वीतभर कोपरा धुतो. पाणी ओघळून गेलं की वाकून बघतो, तळवा फिरवतो, तळव्यावर रंग आला का ते उन्हात धरून पाहतो. रंग आला तर मशीन बंद करून तुम्हाला हाक मारतो. न आला तर वरून खाली काम सुरू करतो, तिरप्या धारेनं. मीटरच्या पेटीवर पोतं नाही, प्लास्टिक बांधतो. तुमच्या घरच्या प्लगला अर्थिंग आहे का, हे तोच तुम्हाला विचारतो. आणि तुमची जी मान हलते ती होकाराची आहे की नकाराची हे तुम्हालाही कळत नाही. अशा वेळी वायरमनला बोलवावं. ओल्या अंगणात, अनवाणी माणसाच्या हातात विजेवरची मशीन, हा विनोदाचा भाग नाही.

दार सागवानी असेल तर ते धारेच्या वाटेत येऊ देऊ नये. आपल्याकडचं सागवान म्हणजे लहानसहान माल नव्हे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं ते बल्लारपूरच्या डेपोतून. त्याच जातीचं आजोबांनी केलेलं दार प्रेशरखाली धरलं तर मऊ रेषा धुपून जातात, कडक रेषा उभ्या राहतात आणि दाराचं खराट्यात रूपांतर होतं. ओला फडका पुरतो. कवेलूच्या घरांनी तर हा लेख इथेच खाली ठेवावा. कवेलू वरच्या अंगानं पाऊस झेलायला घडवलेले असतात. खालून वर मारलेली धार त्यांच्या फटीतून थेट आत, धानाच्या कोठीवर उतरते. शिवाय वानरांनी हलवलेले कवेलू आधीच नुसत्या सवयीनं जागेवर बसलेले असतात. गडचिरोलीकडचं मातीच्या भिंतीचं, शेणानं सारवलेलं घर प्रेशरनं धुता येतं का, अशी शंका काही नवशिक्षित सुना-जावयांना येते. येतं. फक्त धुऊन झाल्यावर घर दाखवता येत नाही.

पाणी कोणाचं, हेही आधी बोलून घ्यावं. "पानी तुमचं, मशीन आमची" हा रिवाज आहे. मशीन तासाला तीन-साडेतीनशे लिटर पिते. मोठी असेल तर जास्त. उन्हाळ्यात हा प्रश्न काढूच नये. मे महिन्यात पारा ४७-४८ च्या घरात असताना, आठवड्यातून मोजून येणाऱ्या नळाच्या पाण्यानं भिंत धुणाऱ्या कुटुंबाला शेजार उरत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा खुद्द वीज केंद्राचे संच बंद ठेवायची वेळ आली होती. जिथं वीज केंद्राला पाणी मिळालं नाही, तिथं ठेकेदारानं तुमच्या गच्चीवरच्या टाकीचा आग्रह धरू नये.

तर मग कधी? इथे पंचांग उघडावं लागतं, आणि ठेकेदाराचं पंचांग वेगळं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची असतात, हाताखालचे गडी मिळत नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्टमध्ये धानाचा रोवणा. त्या दिवसांत जिल्ह्याच्या गावातून कलेक्टरनं बोलावलं तरी माणूस बांधीतून वर येणार नाही. नोव्हेंबरात कापणी. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई आणि मंडईसोबत नाटकं, ती थेट होळीपर्यंत. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे सटरफटर काम नव्हे. याच रंगभूमीवर उभं आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा तुमच्या भिंतीसाठी नेमलेला पोऱ्या रात्रभर वडसा भागातल्या कुठल्याशा गावी खलनायक होऊन सकाळी सातला उतरला असेल, आणि दहा वाजता तुमच्या ओट्यावर गन उशाला घेऊन झोपला असेल, तर त्याला उठवू नये. निदान नाटक कसं झालं हे विचारून मग उठवावं. एवढं सगळं वजा केल्यावर उरतात दसरा ते दिवाळीतले दिवस, आणि तेच नेमके सगळ्या जिल्ह्यानं धरलेले असतात.

यातून उभा राहतो बहाण्यांचा प्रश्न, आणि या बाबतीत आपल्या दोन जिल्ह्यांची मराठी मुलखात तोड नाही. पुण्याचा ठेकेदार आला नाही तर "गाडी पंक्चर झाली" म्हणतो, आणि तो खोटं बोलतोय हे दोघांनाही ठाऊक असतं. आपला म्हणतो, "मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ बसला होता जी, दोन्हीकून गाड्या उभ्या." काय करणार? बसलेला असू शकतो. पावसाळ्यात भामरागडकडचा गडी म्हणतो, "पर्लकोटेला पूर हाय, रस्ता बंद." तो दरसाल बंद होतोच, पेपरात फोटो येतो. "अंधार व्हायच्या आत जंगल पार कराव लागते," म्हणून तो साडेचारला हत्यारं आवरतो, आणि तुम्ही त्याला थांबवलंत तर तुमचंच मन तुम्हाला रात्री झोपू देत नाही. इतकी अस्सल कारणं उपलब्ध असताना जो ठेकेदार आजी वारल्याचं सांगतो, तो कल्पनाशून्य आहे असं समजावं. आणि आजी दुसऱ्यांदा वारली असेल तर तिच्या नावानं दिलेला ॲडव्हान्स बुडाला असं समजावं. बहाणा पडताळायचा तर एकच मार्ग आहे: फोटो मागावा. वाघाजवळ थांबलेल्या माणसानं फोटो काढला नाही, असं अजून घडलेलं नाही.

अनुभवाचे दाखले मागताना "मोठं काम कुठं केलं?" असं विचारावं. त्यावर "किल्ल्याचा परकोट मीच साफ केला" हे उत्तर हमखास येतं. ही परीक्षा सोपी आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याची सुमारे अकरा किलोमीटरची तटबंदी झाडाझुडपांत गडप झाली होती. ती मोकळी करायचं काम इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी मार्च २०१७ मध्ये सुरू केलं आणि महिनोनमहिने रोज चालवलं. त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. हातानं, श्रमदानानं, फुकट. तेव्हा "परकोट मी धुतला" म्हणणाऱ्याला विचारावं, मशीन परकोटाच्या कुठल्या खिडकीतून आत नेली? बगड खिडकी की चोर खिडकी? अस्सल चंद्रपूरकर असेल तर हसून विषय बदलेल. जुन्या दगडी बांधकामावर, चुन्याच्या सांध्यांवर प्रेशर मारू नये हे त्याला माहीत असेल तर दोन गुण जास्त द्यावे. नाही तर आपल्या ओट्याचे दगड मोजून ठेवावे.

भाव दोन प्रकारे ठरतो, गुत्त्यानं किंवा रोजीनं. गुत्ता दिला तर सकाळी आठला आलेला माणूस अकराला घर धुऊन मोकळा होतो आणि वरच्या पाच फुटांवर काल होतं तेच असतं. रोजी दिली तर एका खिडकीच्या सज्ज्यावर त्याचं लेकरासारखं प्रेम बसतं. मधला मार्ग म्हणजे गुत्ता ठरवायचा, पण भिंत-भिंत वेगळी लिहून. कागदावर लिहावं: कोणती भिंत, किती फूट उंच, शिडी कोणाची, फुटलेल्या काचेचे पैसे कोणाचे. "लिहून कायले पायजे, मी पळून जातो का?" असा दुखावलेला सूर येईल. त्या वेळी आपणही तेवढंच दुखावलेलं तोंड करून "नाही हो दादा, मला आठवत नाही ना" म्हणावं आणि लिहावं.

ॲडव्हान्स थोडाच द्यावा, गाडीच्या डिझेलपुरता. बाकी पैसे काम संपल्याच्या संध्याकाळी देऊ नयेत, भिंत पूर्ण वाळल्यावर द्यावेत. ओली भिंत कुणाचीही छान दिसते. वाळली की सुटलेले पट्टे, मिठाचे पांढरे डाग, वाकडी धार सगळं वर येतं. "उद्या दुपारी या, चहालाही या," असं सांगावं. जो उद्या दुपारी खरोखर येतो, स्वतःच भिंतीकडे पाहून "इथं राहून गेलं जी" म्हणतो आणि पैसे घ्यायच्या आधी मशीन परत लावतो, तो सापडला असं समजावं.

मग लगेच त्याचा नंबर फोनमध्ये साठवावा, पण त्याच्या नावानं नव्हे. 'गॅस एजन्सी' किंवा 'शाळा क्लर्क' अशा कुणी न मागणाऱ्या नावानं साठवावा. धुतलेली भिंत पाहून शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतीलच, "कोणाकडून केलं हो?" त्यांना सांगावं, "दूरचा आहे, आता गावी गेला. तिकडं वाघाचं चालू आहे ना."